चारही काटे

हिंदी मुलखातल्या आमच्या अयोध्या नगर वसाहतीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला माणसं कमी-जास्त होतात, पण वादविवादाला हमखास खुर्च्या कमी पडतात. यंदा तर विषयच तसा होता. मंडळाच्या हॉलच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे की नाही, याचा निकाल वादानंतर हात वर करून लागायचा होता. बाजूने बोलणार होत्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका मंगलाताई, आणि विरोधात त्यांचेच यजमान प्रभाकरराव. मग काय विचारता! लोक जेवणं उरकून लवकरच येऊन बसले.

लोकांना गंमत वाटत होती, मंगलाताईंना मात्र नाही. प्रभाकररावांची सारी नोकरी शेजारच्या मोठ्या कारखान्यात, कोळशावरच्या वीज केंद्रांची टर्बाइनं बनवण्यात गेली. मागच्या आठवड्यात चहा घेताना ते म्हणाले होते, "तुझं ते हवामानाचं विज्ञान खरं मानलं, तर मी आयुष्यभर पापच केलं म्हणायचं." आणि अर्धा चहा टाकून उठून गेले. तेव्हापासून मंगलाताईंच्या जिवाला घोर लागला होता. गच्ची तर जिंकायचीच होती, पण हा माणूस हरायला नको होता. माघार घ्यावी असं एकदा मनात आलंही. पण वर्गात जे वर्षानुवर्षं शिकवलं ते नवऱ्यापुढे गिळायचं, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

प्रभाकरराव उठले आणि त्यांनी बघता बघता सभा खिशात घातली. "हवामान बदललं नाही असा काळ दाखवा मला! उन्हाळे काय आजच आले? अन् हे पॅनेल! चार दिवस झाले, सूर्य दिसला का कुणाला? आरती काय मेणबत्तीवर करायची?" हशा पिकला. तेवढ्यात मागून लीलावतीबाई म्हणाल्या, "अन् आमच्या कुरडया कुठे वाळवायच्या जी?" बायकांच्या रांगेतून टाळ्या पडल्या.

मंगलाताईंनी पदर खोचला. आधी कुरडयांचंच उत्तर दिलं, कारण मतं तिथेच होती. अर्धी गच्ची वाळवणाला मोकळी राहील, नकाशा दारावर लावलाय, जाताना बघा, असं त्यांनी सांगितलं. ढगाळ दिवसांत वीज कमी पडेल आणि उरलेली नेहमीच्या तारेवरून घ्यावी लागेल, हेही लपवलं नाही. मग तापमानाचे आलेख दाखवले, सगळे वरच चढणारे. आलेख खरे होते, पण समोर लोक जांभया देत होते.

चिटणीस जितेंद्रने घंटी वाजवली. "काकू, टाइम झाला. आता लास्ट सवाल."

शेवटी वक्त्यांनी एकमेकांना एकेक प्रश्न विचारायचा आणि त्याचं पुरतं उत्तर मिळालंच पाहिजे, अर्ध्यावर सोडायचं नाही, ही मंडळाची रीत. ती घालून दिली होती प्रभाकररावांनीच. जिंकलोच आहोत अशा थाटात त्यांनी आपला प्रश्न सोडून दिला.

मंगलाताईंनी घरून लिहून आणलेला प्रश्न बाजूला ठेवला.

"अहो, वीज केंद्रावर तुमचं पहिलं मोठं मशीन चालू केलंत, तेव्हा काय झालं होतं ते सांगा."

सभेत खसखस पिकली. ही गोष्ट नगरात कुणी ऐकली नव्हती? प्रभाकररावांचा चेहरा खुलला. ही गोष्ट सांगायची संधी त्यांनी आजवर कधी सोडली नव्हती.

"अरे भाई, काय तो दिवस! मशीन मस्त चाललंय, अन् बेअरिंग तापायला लागलं. एकदम नाही, हळूहळू. साहेब म्हणाले, मीटर खराब आहे, चालू द्या. मी म्हटलं, साहेब, एक काटा सरकला तर काटा खराब म्हणेन. इथे चारही काटे एकाच बाजूला सरकतायत, म्हणजे..."

ते थांबले. आपण कुठे येऊन पोचलो ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. आपण यांना चारचौघांत उघडं पाडलं की काय असं मंगलाताईंना वाटलं. तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"पुढे सांगा," त्या म्हणाल्या.

प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा बोलले तेव्हा आवाज खाली आला होता.

"म्हणजे मशीनच तापतंय. उघडून बघेपर्यंत शंभर टक्के खात्री मलाही नव्हती. पण फुटायची वाट बघणारा इंजिनीअर कसला? एकदम बंद नाही केलं. लोड हळूहळू उतरवला, दुसऱ्या मशीनवर घेतला, मग थांबवलं." त्यांनी मंगलाताईंकडे पाहिलं. "अन् मशीन वाईट नव्हतं. माझ्या हातचं होतं ते. वाचवायचं होतं म्हणून थांबवलं."

"मी तरी दुसरं काय म्हणतेय?" मंगलाताई म्हणाल्या.

जितेंद्रने घसा खाकरून विचारलं, "पॅनेलच्या बाजूने कोण?"

पहिला हात प्रभाकररावांचा वर गेला. जितेंद्र गोंधळला. "काका, आप तो विरोधात आहात!"

"वाद विरोधात केला रे," प्रभाकरराव म्हणाले, "काटे मलाही दिसतात. मोज."