अधिकाच्या जागी आडवी रेघ

मेघाला पसारा मुळीच सोसत नसे, मग तो ओट्यावरचा असो की सर्व्हरवरचा. विष्णुपंत काकांच्या रक्तदात्यांच्या वेबसाइटच्या पानांचे पत्ते पाहून तर तिच्या कपाळावर आठ्याच पडायच्या. कुठे रिकामी जागा, कुठे अधिकचं चिन्ह, आणि व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली की लिंक अर्ध्यातच तुटायची. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी ही साइट हौसेने उभी केली होती आणि सांभाळायला मेघाकडे दिली होती. मेघाचंही नाव त्यात होतं, बी निगेटिव्हच्या पानावर. त्या गटाचे दाते शहरात बोटांवर मोजण्याइतके.

रविवारी सकाळी तिने पदर खोचला आणि सर्व्हरवर एक नियम लिहिला. पत्त्यात नको ते चिन्ह आलं की त्याच्या जागी आडवी रेघ, आणि जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर पाठवायचं. जाणती माणसं असा नियम आधी 'तात्पुरता' लावतात, चार दिवस पाहतात, मग 'कायमचा' करतात. मेघाने थेट 'कायमचा' लिहिलं. हात सरावला की अक्कल जरा मागे राहते. मधेच एका अनोळखी नंबरावरून फोन येत राहिले. कर्ज विकणारे असतील म्हणून तिने ते कापले.

दुपारी काकांचा फोन आला.

"मेघा, काहून गं, सगळे बी निगेटिव्हवाल्यांनाच फोन करून राहिले? पॉझिटिव्हच्या पेशंटवालेही त्यांनाच बोलावून राहिले. आपल्या निगेटिव्हच्या यादीतले आलोक अन् अवंती तर रक्त देऊनही आले."

मेघाने पटकन लॅपटॉप उघडला. 'बी' आणि पुढे अधिक, असा पॉझिटिव्हच्या पानाचा पत्ता होता. अधिकाच्या जागी आडवी रेघ आली, आणि आडवी रेघ म्हणजे वजा, तोच निगेटिव्हच्या पानाचा पत्ता. घाईतल्या नातेवाइकांनी पानाचं नाव कशाला वाचलं असतं? दिसला तो पहिला नंबर लावला.

तिने नियम पुसला. "काका, आता बघा."

"माझ्या फोनात तर तेच दिसून राहिलं."

दिसणारच. 'कायमचा' म्हटलं की फोन ती वाट पाठ करतो आणि सर्व्हरला पुन्हा विचारायलाही येत नाही. सकाळपासून ज्यांनी ज्यांनी लिंक उघडली, ते सगळे चुकीच्याच दारात येत राहणार होते. मेघाला रडू कोसळायचं बाकी होतं. मग तिच्या डोक्यात आलं, येऊ देत की, त्या दारावर पाटी लावू. तिने निगेटिव्हची यादी दुसऱ्या पत्त्यावर हलवली आणि चुकीच्या दारात मोठ्या अक्षरांत एवढंच विचारलं: पॉझिटिव्ह हवं की निगेटिव्ह?

"अच्छा, आता बरोबर आहे," काका म्हणाले, पण त्यांचा आवाज हलका झाला नाही. "बेटा, शहपुऱ्याची एक बाई सरकारी दवाखान्यात ऑपरेशनला आहे. बाळंतपणात लई रक्त गेलं. तिला खरंच निगेटिव्ह लागून राहिलं. आलोक-अवंतीला आता तीन-चार महिने देता येत नाही, बाकीचे गावाबाहेर. मी तुझंच नाव सांगितलं होतं. तर तिचा नवरा म्हणे, त्या दीदी फोनच कापून राहिल्या."

मेघाने कापलेले फोन पाहिले. प्रत्येक वेळी तोच एक नंबर. तिने तो लगेच लावला. आपला पसारा आवरण्याच्या नादात एका बाईचा जीव टांगणीला लागला, याची तिला विलक्षण लाज वाटली.

"भैया, मैं मेघा. आपने सुबह फोन किया था." पुढचं विचारायची तिला भीती वाटत होती. "खून... अभी भी लगेगा ना?"

पलीकडे वॉर्डातला गलका ऐकू येत होता.

"लगेगा, दीदी."

"बस, निकल रही हूँ." स्कूटीची किल्ली तिच्या हातात होतीच.

"जी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती काकुळती होती. "मैं गेट पर खड़ा रहूँगा. बस इस बार फोन उठा लीजिएगा."