कळीवालीचा डोळा

संग्रहालयाच्या बाईंनी नक्कल टेबलावर ठेवली, भिंग लावलं आणि दोन मिनिटांत बाजूला केलं. "देखणी आहे," त्या म्हणाल्या, "पण ही आमची नाही."

बाबा नाकावर माशी बसू न देणारे, आणि इथे तर त्यांचं चित्रच नापास झालं होतं. तीन पिढ्या ते घर एकच बाई काढत आलं होतं. एका बाजूने दिसणारा चेहरा, हातात कमळाची कळी, सरळ उतरत आलेलं नाक आणि कानाकडे निघालेला लांब डोळा. लोक तिला कळीवाली म्हणायचे. ती बिस्किटांच्या डब्यावर होती, कॅलेंडरवर होती, साबणाच्या कागदावर होती, आणि त्यातल्या निम्म्याअधिक जागी बाबांच्या किंवा आजोबांच्या नकलेवरून छापलेली होती. मूळ चित्र वीतभर उंचीचं, अडीचशे वर्षांचं. उजेडाने त्याचे रंग उडायला लागले होते, म्हणून ते दहा वर्षं बंद कपाटात जाणार होतं आणि त्याच्या जागी हुबेहूब नक्कल लागायची होती.

"डोळा लांबलाय. नाकही लांबलंय," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवस देते. तुमच्यापैकी एकाने रोज सकाळी, दार उघडायच्या आधी, मूळ चित्रासमोर बसावं. नाहीच जमलं तर मी फोटो छापून लावीन."

"मला तिच्यासमोर बसायची गरज नाही," बाबा म्हणाले. "ती माझ्या बोटांत आहे."

"मग मी बसते," त्यांची धाकटी लेक म्हणाली.

धाकटी एकेचाळीस वर्षांची होती, पण घरात धाकटी ती धाकटीच. कुलूपवाल्याच्या दुकानावरच्या त्यांच्या खोलीत तीन बुटकी टेबलं होती आणि कामाची वाटणी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दादा बाह्यरेषा काढायचा आणि रंग भरायचा. धाकटी कपड्यांची नक्षी आणि मोती करायची. चेहरा फक्त बाबा. चेहरा एकच हात काढतो, नाहीतर बाई बिघडते, असं आजोबांनी सांगून ठेवलं होतं. बावीस वर्षं धाकटी मोती घालत होती. घट्ट पांढऱ्या रंगाचा थेंब कुंचल्याच्या टोकावर घ्यायचा, श्वास सोडायचा आणि टेकवायचा. वाळला की तो कागदावर उभा राहतो, बोटाला लागतो. दादा तिला तेव्हापासून 'मोत्या' म्हणायचा आणि वर विचारायचा, "आज भुंकलीस का?" ती हसायची आणि पुढचा थेंब घ्यायची. एकोणिसाव्या वर्षापासून तिला हवा होता तो चेहरा. आणि गेल्या वर्षापासून बाबांचा हात थरथरायला लागला होता. ते सगळ्यांनी पाहिलं होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते.

पहिल्या सकाळी तिने वही, पेन्सिल आणि कागदाची एक बारीक पट्टी घेतली आणि चित्रासमोर स्टूल ओढलं. काच काढलेली होती. पहिल्यांदा तिला वाटलं, आपण चुकीच्या खोलीत आलो. कळीवाली केवढीशी, आणि डोळा लांब होता खरा, पण कानापासून चांगलाच अलीकडे थांबलेला. पापणी किंचित जड. हनुवटीखाली वयाची एक हलकी घडी, जी त्यांच्या एकाही नकलेत कधी आली नव्हती. तिने पट्टी चित्राला न लावता वर धरली, खुणा केल्या, पुन्हा केल्या, तिसऱ्यांदाही केल्या. मग घरच्या नकलेच्या खुणा शेजारी ठेवल्या. डोळा तांदळाच्या दाण्याएवढा जास्त होता. एवढ्याशा चेहऱ्यात तांदळाचा दाणा म्हणजे गावभर अंतर.

दारं उघडल्यावर एक जोडपं आलं. नवरा चित्राकडे बघून म्हणाला, "डब्यावरची जास्त छान आहे." बायकोने मान हलवली. धाकटीला त्यांच्यावर हसावं की आपल्या घराण्यावर, ते कळेना.

आठ दिवस ती रोज सकाळी तिथेच बसली. पाचव्या दिवशी तिला पापणीवर दुसरी रेघ सापडली, फिकट, पुसलेली. म्हणजे त्या चित्रकारानेही आधी डोळा लांब ओढला होता, आणि मग थांबून मागे घेतला होता. तेव्हापासून धाकटीला ती बाई लाजरी वाटेना. कळी हातात धरून ती समोर कुणाकडे तरी बघत होती आणि तिचं काहीतरी ठरलेलं होतं. तिथून उठताना धाकटीचंही ठरलं.

नवव्या दिवशी तिने खोलीतली पत्र्याची पेटी उघडली. त्यात खाके होते. खाका म्हणजे चित्राच्या रेषांवरून सुईने भोकं पाडलेला कागद. तो कोऱ्या कागदावर ठेवायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की खाली ठिपक्यांची बाई उतरते. खाका वापरून वापरून फाटतो, भोकं मोठी होतात. मग जुन्यावरून नवा पाडतात. असे सात खाके होते. पहिला पणजोबांचा, शेवटचा बाबांचा.

तिने सातही एकावर एक ठेवले, हनुवटीशी हनुवटी जुळवली आणि खिडकीच्या काचेवर धरले.

"दादा, हे धर. बाबा, इकडे या जरा."

"आता हे काय नवीन?" बाबा कुरकुरत उठले.

काचेतून उजेड आला आणि डोळ्याच्या कोपऱ्याशी सात भोकं एका ओळीत दिसली, प्रत्येक आधीच्यापेक्षा केसभर पुढे.

"मोठ्या झालेल्या भोकात सुई घालताना आपण नेहमी बाहेरच्या काठाला घालतो," धाकटी म्हणाली. "रेघ आत बुडू नये म्हणून. शिकवलंच तसं जातं. तुम्हीच मला शिकवलंत. सहादा नवा खाका झाला, सहादा डोळा पुढे गेला. लबाडी कुणाचीच नाही. सगळ्यांनी डोळ्यात तेल घालून काम केलं, म्हणून तर झालं."

दादा म्हणाला, "अजून चार पिढ्या गेल्या असत्या तर डोळा डोक्यामागे गेला असता." बाबांनी सातव्या भोकावर, स्वतःच्या भोकावर, बोट ठेवलं. बोट काचेवर टकटक वाजत होतं. त्यांनी ते पटकन काढून घेतलं.

"बरं. नवी मापं आण," ते म्हणाले. "चेहरा मी काढतो."

"नाही, बाबा."

दादाने काचेवरचे खाके खाली घेतले.

"तुमच्या हाताला चाळीस वर्षांची सवय आहे. तो माप बघणार नाही, डोळा ओढणारच," ती म्हणाली. "आणि तो थरथरतो. आपण सगळे बघतो आणि गप्प बसतो. या वेळी चेहरा मी काढणार. बिघडला तर तुमच्या हाताने फाडा."

"फाडीनच," बाबा म्हणाले आणि टोपी घालून खाली कुलूपवाल्याकडे जाऊन बसले.

तिने खाका घेतलाच नाही. मापांवरून सरळ पेन्सिलने बाई उतरवली, कागद उलटा करून गुळगुळीत दगडाने घोटला, दादाने अंगरंग भरला. मग खारीच्या केसांचा सर्वांत बारीक कुंचला. दोन दिवस नाक, ओठ, हनुवटीखालची घडी. भीती वाटत होती, भरपूर वाटत होती. पण हात स्वच्छ चालत होता, कारण बावीस वर्षं श्वास सोडून थेंब टेकवण्यात गेली होती आणि ती फुकट गेली नव्हती. डोळा शेवटी. खुणेपाशी आल्यावर बोटांना आणखी थोडं पुढे जायची ओढ लागली, तिच्याही. तिने कुंचला उचलला.

बाबा रोज यायचे, तिच्याकडे पाठ करून आपल्या टेबलाशी बसायचे. चौदाव्या दिवशी उठले, भिंग घेतलं आणि चित्रावर वाकले. धाकटी उठून भिंतीशी उभी राहिली. फाडायला हात पुढे आला तर धरायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

"मोती कुठायत?" बाबांनी विचारलं.

गळा मोकळा होता, कानही. धाकटीने मोत्यांना हातच लावला नव्हता. वेळ नव्हता म्हणून, असं तिने दादाला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं.

"उद्या न्यायचंय," बाबा म्हणाले. "ही काय अशी ओकीबोकी जाणार?" आणि त्यांनी तिच्या टेबलाशी बसून पांढरा रंग कालवलेला शिंपला पुढे ओढला. पहिला थेंब घेतला. कुंचला हवेत हलायला लागला. त्यांनी तो तसाच मागे घेतला, आणि त्यांचे डोळे भरलेले तिने पाहिले.

ती शेजारी बसली. "घाई नका करू. हात हलू दे. श्वास पूर्ण सोडा. सोडला की एक क्षण हात आपोआप थांबतो. तेव्हा टेकवा."

"मला शिकवतेस?"

"हो."

त्यांनी श्वास सोडला आणि टेकवला. थेंब उभा राहिला. मग दुसरा. दर मोत्याला दोन-तीन श्वास जात होते, मध्येच एक फसला तर ती ओल्या कापसाने टिपून घ्यायची. दादा चहा करून आणत राहिला.

दुसऱ्या सकाळी बाईंनी भिंग लावलं. या वेळी ते लवकर काढलं नाही. मग त्यांनी मूळ चित्र शेजारी आणवलं आणि पट्टी मागितली. शेवटी पेन उघडलं.

"हीच ती," त्या म्हणाल्या. "खाली पाटीवर नाव घालायचं आहे. चेहरा कुणाच्या हातचा?"

धाकटीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हिच्या," ते म्हणाले. "मोती माझे. एकशे बारा आहेत, हवं तर मोजून घ्या."