जिवनबाईच्या पोटातली करणी

"देवाचं नाव घ्यायच्या आधी चूळ भर. तोंडात दाणाही नसावा." सासूबाईंचं हे सांगणं माझ्या रोजच्या नेमात आहे. निजामाच्या राज्यातली गोष्ट. तातेरावाच्या अंगणात निम्मं गाव जमलं, तेव्हा मीही नेमाप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

तातेरावाची बायको जिवनबाई बाजेवर तळमळत होती. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हिरवी उलटी थांबेना. वसराम भगत पानाचा तोबरा भरून डोलत होता.

"धाकट्या जावंनं लाडवातून केस चारले. तुंबडी लावून करणी वढतो, बघा."

धाकटी जाऊ पारुबाई. सासू द्वारकाबाईनं तिला सकाळीच सगळ्यांदेखत माहेरी, हट्ट्याला हाकललं होतं. आमी बाया उंबऱ्यातून बघत राहिलो. काहून, म्हणून एकीनं विचारलं न्हाई.

वसरामानं शिंगाची तुंबडी पोटावर टेकवली, नागनाथाचं नाव घेतलं. मी तांब्या पुढे केला.

"भगतबुवा, आधी चूळ भरा. खरकट्या तोंडी देवाचं नाव घेऊ नये."

"बाई, मंत्र उतरंल."

"इतका कच्चा रंग हाय व्हय मंत्राचा?" कादरभाई रंगारी म्हणाले.

लोक हसले. वसरामाला चूळ भरावीच लागली. पानाच्या चोथ्याबरोबर मातीत पडलं केसांनी बांधलेलं बकऱ्याच्या आतड्याचं पुडकं. तुंबडी चोखून तो हेच थुंकणार होता. गालातली करणी पोटाच्या नावानं.

कादरभाईंनीच गाडी जुंपली. हिंगोलीला पोचताच डॉक्टरांनी पोट उघडलं.

"आतड्यात चरबीची गाठ होती, लिंबाएवढी," ते नंतर म्हणाले. "साधीच, पण क्वचित दिसते. तिच्यासकट आतडं पुढच्या आतड्यात शिरलं, चोळीची बाही उलटी आत जावी तसं. वाट बंद झाली. अशी गाठ आपोआप होते, कुणी चारून नाही."

द्वारकाबाईची मान वर होईना.

मी आजही नेम पाळते. पण देवानं अक्कल दिली ती झाकून ठेवायला न्हाई. पोट फुगून उलट्या थांबेनात, तर दवाखाना गाठावा. आन् कुणी बाईवर आळ घेतला, तर पुरावा मागावा.

त्या दिवशी दवाखान्यात शुद्धीवर येताच जिवनबाईनं विचारलं, "आत्याबाई, पारू कुठं हाय?"

"मी आणते तिला. पाया पडून आणते," द्वारकाबाई म्हणाली.

गावी परतल्यावर तिनं पदर खोचला. तातेराव म्हणाला, "माय, गाडी जुंपू का?"

"नको. तिला मी चालतच धाडलं व्हतं."

आन् ती हट्ट्याच्या वाटेला लागली.