बारा जुलैपुरता तपास

कुवेतमधल्या शुवैखच्या बर्फ कारखान्यात अमोनियाचा नळ फुटला आणि दाभोळचा अशरफ जागच्या जागी गेला. त्रेसष्ट सालचा जुलै होता. माती पडायच्या आत पोलिसांनी त्या पाळीवरच्या यूसुफला धरलं. त्यानं व्हॉल्व चुकीचा फिरवला, असं मालकानं लिहून दिलं होतं.

बदरुद्दीन बाणकोटचा. मदरशात शिकलेल्या अरबीवर तो कुवेतच्या सरकारी कचेरीत दुभाषा झाला होता. यूसुफ त्याचा फरवानिया वस्तीतला शेजारी. व्हॉल्व गळतोय, असे तीन अर्ज यूसुफनं मार्चपासून मालकाला दिले होते आणि तिन्ही अर्ज बदरुद्दीननंच अरबीत लिहिले होते. पण कचेरीत हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुभाषा बदलला असता, आणि यूसुफची कोकणी बोली नीट अरबीत उतरवणारं दुसरं होतं कोण?

मालक बडा व्यापारी, म्हणून सरकारनं या प्रकरणाला विशेष सरकारी वकील नेमला. उस्ताद फहमी नावाचे मिसरी गृहस्थ होते, करडे आणि कडक; तिकडे वकिलाला उस्ताद म्हणत. ‘हा कुणाला भिणारा नाय,’ असं फरवानियात जो तो बोलायला लागला. बदरुद्दीनच्याही जिवात जीव आला.

पहिल्याच जबाबात यूसुफ रडकुंडीला आला. “साहेब, तीन अर्ज दिलेत मी. मार्चपासून सांगतोय. माजं कोण ऐकतो?”

बदरुद्दीननं शब्दन् शब्द अरबीत सांगितला. फहमींनी पेन खाली ठेवलं, नेमणुकीचा हुकूम काढला आणि बोट ठेवून वाचला, “बारा जुलैच्या सकाळच्या पाळीत हजर असलेल्या कामगारांच्या कृतीची चौकशी. एवढंच. मार्च यात नाही. मालकाची कचेरीही नाही.”

बदरुद्दीनला राहवेना. “पण उस्ताद, अर्ज त्याच कचेरीत असणार. मालकाला बोलवा, फाइल मागवा!”

“कोणत्या अधिकारानं?” फहमी चिडले, पण राग त्याच्यावर नव्हता. “उद्या मी कपाट उघडून कागद आणला, तर कोर्ट त्याला हात लावणार नाही. उलट माझा सगळाच तपास बाद करेल. हुकूम वाढवून मागतो. थांब.”

एकोणीस दिवस थांबले. यूसुफ कोठडीत, बाहेर आग ओकणारं ऊन. विसाव्या दिवशी उत्तर आलं ते एका ओळीचं. दिलेल्या हुकमाच्या हद्दीत राहावं.

बदरुद्दीननं तो कागद दोनदा वाचला. माणूस मेला तो महिनोन् महिने गळणाऱ्या व्हॉल्वनं, आणि सरकारनं बघायची परवानगी दिली ती एका सकाळची! तो तडक फहमींच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

“उस्ताद, ते अर्ज मी लिहिलेत. माझी साक्ष घ्या.”

फहमींनी कागदातून मान वर केली. “हे आज सांगतोस?”

“दुभाषा बदलला असता.”

“आता बदलणारच.” त्यांनी कोरा कागद ओढला. “लिहून घेतो. पण तू त्या सकाळी पाळीवर नव्हतास. ही साक्षही हद्दीबाहेरची म्हणून बाजूला काढतील, हे समजून बोल.”

तो बोलला. दुसऱ्या दिवशी त्याची बदली टपालाच्या खोलीत झाली. त्याची साक्ष कोर्टापर्यंत गेलीच नाही. फहमींच्या हातात एकच गोष्ट उरली होती, ती त्यांनी केली. यूसुफवर खटला भरण्याजोगा पुरावा नाही, असा शेरा मारून त्यांनी त्याला सोडवलं. मालकाला कुणी एक प्रश्न विचारला नाही. अशरफच्या बायकोला, सईदाला, अपघात झाल्याचं सरकारी पत्र गेलं.

कारखान्यानं यूसुफला काढलं, म्हणून इथला त्याचा मुक्कामही संपला. बदरुद्दीन त्याला मुंबईच्या बोटीवर पोचवायला गेला.

“सुटलास, हे काय कमी?” तो म्हणाला खरा, पण त्याचं त्यालाच ते पटलं नाही.

“मी सुटलो, भाय. पण अशरफला मारलं कोणी, ते कागदावर आलं काय?”

बदरुद्दीननं त्याची ट्रंक शिडीपाशी नेऊन ठेवली. यूसुफ मागोमाग आला.

“व्हॉल्व तरी बदलला?”

“नाय. नवा माणूस ठेवलाय, केरळचा.”

यूसुफनं त्याचा दंड धरला. “मग त्याला सांग. डावीकडचा व्हॉल्व. वास आला की ओला फडका नाकाला लावायचा आणि दरवाजाकडं पळायचं, मागं बघायचं नाय. सांगशील ना?”

बोट सुटायची वाट न बघता बदरुद्दीन कारखान्याकडे चालायला लागला. दारावरच्या पहारेकऱ्यानं त्याला ओळखलं आणि हातानंच परत जा म्हणून खुणावलं. तो गेला नाही. रस्त्यापलीकडच्या भिंतीच्या बोटभर सावलीत पाळी सुटायची वाट बघत उभा राहिला.