कळपामागची नववी

"सात नाही, नऊ हायेत," शेषराव म्हणाला. "आठ म्होरं गेल्या अन् एक मांगं राह्यली."

होडीतल्या माणसांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. नावाडी तर हसलाच. वीस वर्षं तो दापोलीकडच्या या किनाऱ्यावरून लोकांना डॉल्फिन दाखवायला नेत होता, आणि हा धोतरातला म्हातारा, वाशीम जिल्ह्यातून येऊन कालच पहिल्यांदा समुद्र पाहिलेला, त्याला आकडा शिकवत होता! पण शेषरावाला त्यात काय अवघड? केनवडला चाळीस वर्षं त्यानं गावाची ढोरं राखली होती. सकाळी गावाबाहेरच्या आखरावर दीड-दोनशे जनावरं जमायची, आणि संध्याकाळी परतताना एक जरी कमी असलं तरी त्याला न मोजता कळायचं.

पाण्यातून करड्या पाठी वर यायच्या, फुस्स करून श्वास सोडायच्या आणि बुडायच्या.

"हे तं म्हशीवानीच सुसकारते व," तो लेकीला म्हणाला.

रत्नमाला हसली नाही. तिनं नुसती मान हलवली.

तिचं बोलणं आता एवढंच उरलं होतं. चार महिन्यांपूर्वी, ऐन थंडीत, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी केनवडला आली आणि मुलगी मेलेलीच जन्मली. कोणाची चूक नव्हती, पण चूक नसली म्हणून दुःख थोडंच हलकं होतं! दीड महिन्यानं तिचा नवरा उत्कर्ष तिला इकडे घेऊन आला. तो इथल्या एका गावात शाळेवर मास्तर. ती स्वयंपाक करी, धुणं धुई, विचारलं तेवढं सांगे. रडली मात्र एकदाही नव्हती. शेवटी उत्कर्षनंच सासऱ्याला फोन लावला. "बाबा, तुमी या. तिचं हे गप राहणं मले पाह्यवत नाही."

रत्नमालेच्या आईनं, लिलाबाईनं, ज्वारीचं पीठ आणि ठेचा बांधून दिला आणि नवऱ्याला गाडीत बसवलं. "तिले बोलती करूनच या, नाही तं येऊच नोका," असंही वर बजावलं. पण काल स्टँडवर उतरल्यापासून लेकीनं आपणहून एकच गोष्ट विचारली होती.

"बाबा, खांद्यावरचा दुपट्टा कुठी हाय?"

"हरपला," असं म्हणून शेषराव पिशवी उचलून चालू लागला होता.

आज रविवार, म्हणून उत्कर्षनं दोघांना होडीत बसवून दिलं. त्याला स्वतःला होडी लागते, त्यामुळे तो किनाऱ्यावरच थांबला होता.

"अरे, ती मागची बघा! पिल्लू आहे तिच्याजवळ!" कोणीतरी ओरडलं.

सगळे त्या बाजूला झुकले. कळपामागची ती नववी हळूहळू येत होती. तिच्या तोंडापुढे एक छोटं पिल्लू होतं. ती त्याला तोंडानं वर ढकलायची, ते पाण्यावर यायचं, कलंडायचं आणि खाली जायचं. मग ती बुडी मारून त्याला पुन्हा वर आणायची.

"पोहायला शिकवतेय!" एक बाई कौतुकानं म्हणाली. मोबाइल निघाले. "दादा, जवळ घ्या ना जरा!"

शेषरावानं निरखून पाहिलं. ते पिल्लू श्वास सोडत नव्हतं. चाळीस वर्षांत त्यानं अशी किती वासरं पाहिली होती! त्यानं घाईघाईनं लेकीच्या दंडाला धरलं आणि तिला दुसरीकडे वळवलं.

"बाई, इकडं पाय. तो पक्षी पाय केवढा हाय तं!"

"सोडा, बाबा."

"उन्हानं डोळे दिपतीन तुहे, इकडं—"

"मले पाहू द्या!" रत्नमाला अशी काही ओरडली की होडीतला गलका थांबला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मेलं हाय ते. मले समजून राह्यलं."

शेषरावानं नावाड्यापुढे हात जोडले. "भाऊ, मशीन बंद कर. लेकरू मेलं हाय तिचं. जवळ नोको जाऊ."

नावाड्यानं एकदा पाण्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मोबाइल आपोआप खाली आले.

"बाबा, पांडुरंग काकाची चांदी गाय आठवते?" रत्नमाला पाण्यावरची नजर न काढता बोलू लागली. "तिचं वासरू मेलं, तं तुमी कोणाले हात लावू देल्ला नाही. दिवसभर तिले चाटू देल्लं. म्या इचारलं कायले, तं तुमी म्हणे, तिले समजू दे. न दाखवता उचललं तं आठ-आठ दिवस धुंडत फिरते."

शेषरावाला सगळं आठवत होतं. म्हणूनच त्याची मान वर होईना.

"मंग मले काहून नाही दाखवली?"

"बाया म्हणे, दाखवू नोका, जीव अडकते. मी भेलो... चुकलो, माय. जे ढोराचं समजलं, ते पोटच्या लेकीचं नाही समजलं मले."

ती बापाकडे वळली. मग म्हणाली, "कशी होती?"

चुकलेल्या जनावराची खूण सांगावी तसं शेषराव एकेक सांगू लागला. त्या दिवशी त्यानं घटकाभरच पाहिलं होतं, पण राखणाऱ्याची नजर ती, काही सुटलं नव्हतं.

"रंग तुह्यावानी, सावळा. केस दाट, पार कपाळावर आलेले. डाव्या कानापाशी तीळ. बोटं लांब, तुह्या मायसारखी. उजव्या पायाची करंगळी थोडी वाकडी."

"अजून?"

"नाक उत्कर्षचं."

"अजून सांगा न, बाबा."

शेषरावाचा हात रिकाम्या खांद्यावर गेला.

"दुपट्टा हरपला नाही, माय. तिच्या आंगावर हाय. थंडी लय होती न त्या दिवशी."

तेव्हा कुठे रत्नमाला रडली. तोंडात ओढणी न कोंबता, अनोळखी माणसांसमोर, मोठ्यानं रडली. पुढे गेलेल्या आठही माघारी आल्या होत्या आणि त्या नववीच्या आजूबाजूला संथ फिरत होत्या.

किती तरी वेळानं नावाड्यानं होडी किनाऱ्याकडे वळवली. वारं वाढलं होतं. रत्नमालेनं नाक पुसलं, बापाच्या अंगावरच्या पातळ सदऱ्याकडे पाहिलं आणि स्वतःची ओढणी काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

"घ्या," ती म्हणाली. "वारं लागून राह्यलं तुमाले."