पेजेतलं औषध

प्राप्तीला परसाकडे होऊन सहा दिवस झाले होते आणि बुधाजीला दुसरं काही सुचत नव्हतं.

पोरगी अडीच वर्षांची, त्याची नात. तिची आई मैत्री, बुधाजीची सून, पालीजवळच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होती आणि शनिवारी दुपारच्या एस्टीने बोर्लीला यायची. बाप विवेक उरणला ट्रेलरवर ड्रायव्हर, तो कधी पंधरा दिवसांनी यायचा, कधी महिन्याने. जूनमध्ये पालीत खोली घेऊन मैत्री पोरीला नेणार होती. तोवर दोन महिने मी सांभाळतो, असं बुधाजीनेच पुढे होऊन सांगितलं होतं. घरात आता दुसरं कोणी नव्हतं. त्याची बायको कमळ जाऊन चौदा महिने झाले होते.

आधी त्याला वाटलं, पोरगी जोर करते आहे पण होत नाही. ती दाराच्या मागे जाऊन उभी राहायची, टाचा वर, पाय एकमेकांत अडकवलेले, तोंड लालबुंद. तो लांबूनच म्हणायचा, "कर बाळा, कर." थोड्या वेळाने ती बाहेर यायची आणि खेळायला लागायची. भांडं कोरडंच.

शेजारची नीराबाई कमळची मैत्रीण. तिने सोमवारी जुना उपाय काढला. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून खालून लावायचा. नीराबाईची चारही पोरं त्यावरच मोठी झाली होती. बुधाजीने पोरीचे पाय धरले. पोरीने असा आकांत केला की वाडीतली माणसं सुपाऱ्या सोलायचं सोडून कुंपणापाशी आली. झालं काहीच नाही. उलट त्या दिवसापासून चड्डीला हात लावू देईना.

मंगळवारी त्याने तिला रिक्षात घालून बाजारातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पोट चाचपलं. देठाचं ऐकून कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं की पोरगी जोर करत नाही, धरून ठेवते आहे. एकदा कधीतरी खडा झाला असेल, दुखलं असेल, तेव्हापासून भ्याली. धरलं की आतला मळ सुकतो, सुकला की जास्त दुखतं. त्यात हा उन्हाळा आणि पोरगी पाणी पीत नाही. बाईंनी एक गोड, पाकासारखं औषध दिलं, झाकणावर खूण करून दाखवली, आणि पाणी, ताक, शहाळं, पातळ डाळ, काय जाईल ते पाजायला सांगितलं. शनिवारपर्यंत मोकळं झालं नाही तर श्रीवर्धनला नेऊन भरती करावं लागेल, तिथे खालून साफ करतील. हे शेवटचं ऐकताना बुधाजीच्या डोळ्यांपुढे सोमवार उभा राहिला.

औषध पोटात घालणं एवढंच काम होतं. ते त्याला जमेना. पहिलं झाकण तिने थुंकलं. दुसऱ्या वेळी त्याने तिला मांडीत आवळून नाक दाबलं. औषध गेलं, पण लगेच ओकारी होऊन त्याच्याच सदऱ्यावर परत आलं. ग्रामपंचायतीत तीस वर्षं तो पाणी सोडायच्या कामावर होता. कोणत्या आळीला किती वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा हे त्याला घड्याळ न बघता कळायचं. नीराबाई कुंपणावरून म्हणाली, "भावजी, आख्ख्या बोर्लीला पाणी पाजलंत. येवढ्याशा पोरीला दोन घोट पाजता येत न्हाय?" तो हसला, पण ते लागलं.

बुधवारी दुपारी त्याने पेज केली. प्राप्ती दुसरं काही नीट खात नसली तरी त्याच्या हातची पेज खायची, मऊ, मीठ घातलेली, वर थोडं तूप. दोन चमचे तिने मिटक्या मारत खाल्ले. मग त्याने पाठ फिरवून झाकणभर औषध वाटीत ओतलं, ढवळलं आणि तिसरा चमचा पुढे केला.

तिने तो तोंडात घेतला आणि थांबली. पेज गोड झाली होती. तिने घास ओठांवाटे हळूच बाहेर सोडला, हनुवटीवरून ओघळू दिला. रडली नाही. वाटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग तोंड मिटलं.

त्यानंतर तिने त्याच्या हातचं काही घेतलं नाही. पेज नाही, ताक नाही, शहाळंही नाही. त्याने साधं पाणी आणलं तरी आधी पेल्यात डोकावून बघायची आणि मान फिरवायची. गुरुवारी सकाळी नीराबाईने आपल्या तांब्यातून पाणी दिलं तर गटगट दोन घोट प्याली. बुधाजी दारात उभा राहून बघत होता.

नीराबाईने तांब्या खाली ठेवला आणि पोरगी कोंबड्यांमागे गेलीसं बघून म्हणाली, "तुमी पेजेत घातलंत ना औषध?"

"तुला कोण बोललं?"

"वाटी मीच घासली काल. हाताला चिकट लागली." तिने आवाज खाली आणला. "कमळनं बी वळखलं व्हतं."

बुधाजी ओट्यावर बसला.

ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं तो चौदा महिने धरून चालला होता. कमळच्या पोटात गाठ होती. अलिबागच्या डॉक्टरांनी कापायचं नाही म्हणून सांगितलं होतं, फक्त गोळ्या होत्या, आणि त्या घेतल्या की तिला उमासे यायचे. शेवटी शेवटी ती गोळी बघूनच तोंड फिरवायची. तिच्याशी बोलायला बसावं, इतका धीर त्याला नव्हता. बोलायला बसलं तर ती विचारेल, गोळ्यांनी काय होणार आहे, आणि मग त्याला खरं सांगावं लागलं असतं. म्हणून एका सकाळी त्याने दोन गोळ्या पाट्यावर कुस्करल्या आणि पेजेत मिसळल्या, वर गुळाचा खडा घातला. कमळने एक चमचा खाल्ला. तीसुद्धा अशीच थांबली होती. वाटीकडे बघून म्हणाली, "ठेवा तिथं. खाईन मग." ती पेज तिने खाल्ली नाही. पुढचे तीन आठवडे जे काय दोन घास पोटात गेले, ते नीराबाईच्या हातचे. त्याने स्वतःला समजावलं होतं की बाईमाणसाच्या हातचं तिला बरं वाटत असेल.

"काय बोलली व्हती?" त्याने विचारलं.

नीराबाईने पदराने हात पुसले. ती सांगू की नको अशा विचारात होती, हे दिसत होतं.

"बोलली, यांनी मला इचारलं असतं तर डोळं मिटून घेतल्या असत्या गोळ्या. चोरून कशाला घालायच्या."

"मग मला का न्हाय बोलली?"

"तुमी तरी कुठं बोललात, भावजी?"

नीराबाई तांब्या घेऊन घरी गेली. दिवसभर तो कामं करत राहिला, कपडे धुतले, कण्या निवडल्या, पण एकच गोष्ट डोक्यातून जाईना. तिने घेतल्या असत्या. गोळ्यांनी ती वाचली नसती, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण तीन आठवडे त्याच्या हातचं खाल्लं असतं.

शुक्रवारी सकाळी त्याने प्राप्तीला ओट्यावर बसवलं आणि औषधाची बाटली तिच्या समोर ठेवली, लपवली नाही. अडीच वर्षांच्या पोरीशी असं बोलायचं तर त्यालाच अवघड वाटलं. रस्त्यावर कोणी नाही ना, ते त्याने एकदा बघून घेतलं.

"हे औषध हाय," तो म्हणाला. "परवा पेजेत मी घातलं व्हतं. तुला न सांगता घातलं. आता न्हाय घालणार. पेज पेजेच्या जागी, औषध औषधाच्या जागी."

किती समजलं कोण जाणे. "नको," ती म्हणाली.

"बरं. मग मी घेतो." त्याने झाकण भरलं आणि प्यायला. गुळचट, घशाला चिकटणारं होतं. त्याने तोंड वाकडं केलं. प्राप्ती बघत राहिली. मग तिने बाटलीकडे बोट दाखवलं.

"आबा, अजून."

त्याने अजून एक घेतलं. तिला गंमत वाटली. तिसरं झाकण तिने स्वतःच्या हाताने धरलं, अर्धं त्याच्या गुडघ्यावर सांडलं, उरलेलं त्याच्या तोंडात घातलं. "आ कर," असं दटावूनही झालं. सहा झाकणं त्याच्या पोटात गेली. तिने स्वतः एक थेंबही घेतला नाही, आणि त्याने घे म्हटलं नाही.

दुपारी बाराच्या सुमारास बुधाजीच्या पोटात गुरगुरायला लागलं. पहिल्यांदा तो चालत गेला, दुसऱ्यांदा पळत. संडास अंगणाच्या कडेला होता. तिसऱ्या खेपेला प्राप्ती मागोमाग आली आणि दाराबाहेर फतकल मारून बसली.

"आबा, झाली?"

"झाली."

मग बाहेरून हळू आवाजात, "दुखलं?"

इतके दिवस पोरगी ज्याला भीत होती ते तिने विचारलं होतं, आणि हे तिला कुणी विचारलं नव्हतं, त्यानेही नाही.

"न्हाय बाळा," तो म्हणाला. "नरम झाली. औषधानं नरम व्हते. मग दुखत न्हाय."

नीराबाईला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला कुंपणाचा बांबू धरावा लागला. "पोरीचं औषध आजा प्याला आणि आजालाच लागली," ती म्हणाली. मग प्राप्तीला हाक मारून तिने सांगितलं की आबाचं पाणी गेलंय, त्याला पाणी पाज, न्हायतर चक्कर येऊन पडेल. प्राप्तीने ते मनावर घेतलं. दिवसभर पेला भरून आणायची, वाटेत निम्मा सांडायची, त्याच्या ओठांना लावायची. आपल्या हाताने भरलेलं पाणी म्हणून तिला त्याच्यात डोकावून बघावं लागत नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या पेल्यापासून एक घोट त्याला, एक घोट स्वतःला, असं चाललं. नीराबाईने मीठ-साखरेचं लिंबूपाणी करून दिलं, तेही तसंच गेलं. बुधाजी मोजत नव्हता. फक्त पीत होता, आणि ती पीत होती ते बघत होता.

संध्याकाळी तिने आपणहून बाटली आणली. त्याने खुणेपर्यंत झाकण भरलं आणि विचारलं, "घेणार? हे औषध हाय हां." तिने त्याच्या हातातून झाकण घेतलं, नाक मुरडलं आणि प्याली. सगळं नाही. अर्ध्याहून थोडं जास्त. शनिवारी सकाळी उठल्याबरोबर पुन्हा तसंच.

शनिवारी दहाच्या सुमारास ती नेहमीसारखी दाराआड जाऊन उभी राहिली. मग तिथून म्हणाली, "आबा, तू ये." त्याने भांडं नेऊन ठेवलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. तिने त्याचे दोन्ही कान धरले. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या, थोडं दुखलं असणार. पण तिने धरून ठेवलं नाही.

दुपारी मैत्री आली ती बॅग खांद्यावरून न काढताच पोरीच्या पोटाला हात लावून बघायला लागली. सगळं ऐकून तिला बरं वाटलं. डॉक्टरीणबाईंना फोन झाला. औषध अजून महिनाभर चालू ठेवायचं होतं, एवढ्यात बंद करायचं नव्हतं. रविवारी दुपारी निघताना ती सासऱ्याला म्हणाली, "बाबा, एखाद दिवशी अडून बसली तर दह्यात नाहीतर पेजेत मिसळून द्या. कळणार नाही तिला."

"मिसळायचं न्हाय," बुधाजी म्हणाला. आवाज चढला होता. मैत्री चपला घालता घालता थांबली.

"का हो, काय झालं?"

तो उंबऱ्यापाशी बसला आणि तिला सगळं सांगितलं. पाट्यावर कुस्करलेल्या गोळ्या, गुळाचा खडा, ते तीन आठवडे. ती पेज संध्याकाळपर्यंत उशाशी तशीच पडून होती आणि अंधार पडल्यावर त्यानेच ती उचलून माडाच्या बुडाशी ओतली, हेही सांगितलं. नीराबाई जे बोलली तेही. सांगताना तो मैत्रीकडे बघत नव्हता.

मैत्री चपला काढून त्याच्या शेजारी बसली. मग तिने हळूच विचारलं, "पण हे तुम्हाला सुचलं कसं, बाबा?"

"फोन आलता विवेकचा. तो बोलला, कुस्करून घाला, आईला कळणार न्हाय. त्याला यातलं काय सांगू नको. त्यानं निस्तं सांगितलं व्हतं. हात माझा व्हता."

मैत्रीने मान हलवली. विवेकने ते कुणाकडून ऐकलं होतं, हे तिला ठाऊक होतं. पावणेतीनची एस्टी नाक्यावर येऊन लागली असणार, पण ती उठली नाही. सासऱ्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसून राहिली.