शंभरावर लावला

गळ्याशी रबराची कॉलर... बोटं आत घालून कितीही ओढली तरी मानेवरचे दोन केस उपटून पुन्हा तिथेच येऊन बसते — पाण्यावर हेलिकॉप्टर उडवायचं म्हणजे हा पोशाख आलाच, आणि मेजर रेंडर टेर्प्स्ट्राला आज तो अंगात घालणंसुद्धा जिवावर आलं होतं. उडायला लागून बावीस वर्षं झाली. सकाळी बायकोने, आन्त्येने, विचारलं होतं, "झोप लागली का रे?" आणि ब्रेडवर लोणी फासता फासता तो म्हणाला होता, "लागली." लागली नव्हती. पण ती विचारते, मी उत्तर देतो, आणि दिवस सुरू होतो.

शेजारच्या खुर्चीत सहवैमानिक निन्के उड्डाणाआधीची तपासणीची यादी वाचत होती. गुरुवारी तिची कप्तानपदाची परीक्षा, म्हणून आवाज जरा जास्तच खणखणीत. ती ओळ वाचणार, त्याने त्या वस्तूकडे बघायचं, तिला बोट लावायचं, आणि मगच बोलायचं — हे तिला शिकवलं होतं त्यानेच. पोपटपंची केलीस तर खाली उतरवीन, असा दमही दिला होता. इंधन? पुरेसं. जीवरक्षक जाकिटं? सगळ्यांच्या अंगात. उंचीच्या इशाऱ्याचा काटा? "शंभरावर लावला," रेंडर म्हणाला. बाहेर धावपट्टीच्या कडेला एक ससा बसला होता, त्याच्याकडे तो बघत होता.

मार्करमेर सरोवरावर वारा पार पडलेला. पाणी राखाडी, आभाळ राखाडी, दोन्हींच्या मधली रेघ कुणीतरी पुसून टाकलेली. असल्या पाण्याचा भरवसा धरू नये, डोळे फसतात, हे त्याने किती जणांना सांगितलं असेल... हळूहळू खाली यायचं, शंभर फुटांवर थांबायचं, त्याखाली गेलं की इशारा वाजतोच. निन्के रेडिओवर किनाऱ्याशी बोलत होती, मागच्या उघड्या दारात पाय बाहेर सोडून बाउवे दोर सांभाळत होता. तो बाहेर बघत उतरत होता आणि डोक्यात चाललं होतं, की छताच्या पन्हाळीतला पाला आता काढायला हवा, आन्त्ये तीनदा म्हणाली, तीनदा आपण हो म्हटलं —

"वर! वर घे! वर!" बाउवे कानात ओरडला.

हाताने आपण होऊन वर खेचलं. सगळं धूड थरथरत उचललं गेलं. काचेवर पाण्याचे थेंब, आणि कानात मागच्या दाराशी पालथ्या पडलेल्या बाउवेचा धापा टाकणारा श्वास. धापा टाकतच तो बोलला, "माझ्या बुटात तळं झालंय रे. पुढच्या खेपेला साबण तरी देत जा."

निन्के त्या काट्याकडे बघत होती. काटा शून्यावर होता. काल माळावर सिमेंटचे ठोकळे दोराला टांगून नेताना इशारा सारखा किंचाळायचा, म्हणून रेंडरनेच तो शून्यावर आणून गप्प केला होता. सगळेच करतात. आज तो तिथेच राहिला.

"मी ती ओळ गाळली असणार," निन्के हळूच म्हणाली.

रेंडरने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण परतीची वाट होती, रेडिओ होता, उतरण्याची यादी होती, आणि तो इतका दमला होता, की तोंड उघडायचं तर आधी कुणीतरी आपल्याला उचलून बसवायला हवं असं त्याला वाटत होतं.

आता तळावर तिघं टेबलाभोवती बसली होती. पथकाची रीत अशी, की उतरल्यावर सगळ्यांत धाकट्याने आधी बोलायचं आणि थोरल्याने शेवटी, म्हणजे थोरल्याच्या दबावाखाली कुणी गप्प राहत नाही. निन्केने कॉफीला हातही लावला नव्हता. "चूक माझी," ती म्हणाली. "काट्याची ओळ मी वाचलीच नाही बहुतेक. परीक्षा पुढे ढकलायला मीच सांगते. असं डोकं घेऊन मी चार माणसांची जबाबदारी घ्यायची नाही."

"बहुतेक म्हणजे काय?" बाउवे करवादला. "वाचलीस की नाही वाचलीस?"

"आठवत नाही. पण वाचली असती तर रेंडरने पाहिलं असतं ना!"

बाउवेने खांदे उडवले. "मी मागे दोर आवरत होतो. मला काही ऐकू आलं नाही." आणि मग दोघांनी रेंडरकडे पाहिलं.

अपघात झाला नव्हता, तेव्हा उड्डाणातल्या बोलण्याची ध्वनिफीत कुणी ऐकणार नाही. एक वाक्य पुरे होतं — तू वाचलीस, मी न बघता बोललो. शिक्षेची भीती? छे. थोडे दिवस जमिनीवर बसवतील, तेवढीच विश्रांती. वाक्य जिभेवर आलंही होतं, आणि ते बाहेर पडणार एवढ्यात त्याला परवाची तपासणी आठवू लागली, मग त्याआधीची, मग नॉर्वेतली, मग बारा सैनिक मागे झोपलेले असतानाची... प्रत्येक वेळी स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, लावलं, पाहिलं, ठीक आहे. पण त्या वस्तू काही केल्या डोळ्यांपुढे येईनात. मी शेवटचं कधी पाहिलं होतं?

"रेंडर," निन्के म्हणाली, "तू बरा आहेस ना?"

हो — हे उत्तर तयारच होतं. त्याने ते ओठांवर अडवून धरलं आणि आत खरं उत्तर शोधू लागला, आणि काही सापडेना.